छत्तीस गुण, एक दार

लग्ने जुळवणारी माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. रंग जुळवणारा माणूस मात्र हजारांत एखादा. आणि गंमत अशी, की दोघांच्या धंद्याची रीत एकच आहे. आधी पत्रिका मागवायची. मोटारीलाही पत्रिका असते, बरे का! बॉनेटखाली, दाराच्या चौकटीवर किंवा अशाच एखाद्या आडजागी कारखान्याने पत्र्याची पट्टी बसवलेली असते, आणि पुष्कळ गाड्यांत तिच्यावर इतर आकड्यांबरोबर रंगाचाही आकडा असतो. तो आकडा टिपून दुकानात जावे, दुकानदाराने यंत्रावर रंग घोटून द्यावा, आपण तो घरी आणून ओरखड्यावर लावावा. आणि छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेल्या जोडप्याचे पहिल्याच दिवाळसणाला खटके उडावेत, तसे ते ठिगळ शेजारच्या पत्र्याशी भांडताना रस्त्याच्या पलीकडून दिसावे!

असे का व्हावे? आकडा काही खोटा नसतो. पण तो मोटारीच्या जन्मवेळेचा असतो. जन्मल्यावर तिने किती उन्हे खाल्ली, किती पावसाळे झेलले, ती झाडाखाली उभी राहिली की उघड्या अंगणात, हे त्या पट्टीवर कोण लिहिणार? उन्हातली अतिनील किरणे रंगाला बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ हळूहळू कुजवतात. मग वरचा थर खडूसारखा भुकटा होतो आणि रंगाची खोली जाते. डब्यातला रंग पहिल्या दिवसाचा. दारावरचा रंग आजचा. या दोघांची गाठ घालून द्यायची, आणि तीही अशी की पाहणाऱ्याला गाठ दिसू नये, हे खरे रंग जुळवणे.

वाचक म्हणतील, मराठीच्या प्राध्यापकाने यमके जुळवावीत, रंगाची उठाठेव कशाला? पण यंदा ती उठाठेव आमच्या घरात शिरली, आणि तिच्यात नुसत्या रंगाचा प्रश्न उरला नाही.

आमच्याकडे एक प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी ती १९९३ साली घेतली. वडील वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरीला होते. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी हे गाव वसवले, आणि त्यांनीच १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी उभारली. त्यामुळे वडिलांच्या लेखी ही मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली गाडी आपल्याच गावची होती. "शेठजींची गाडी" असा तिचा उल्लेख ते करीत. वास्तविक शेठजी १९५३ साली वारले आणि गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले त्यानंतर वीस-एक वर्षांनी! २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २००३ सालची. तिची वीस वर्षे ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आमची मात्र अजून बारामती ते इंदापूर हे पन्नास-एक किलोमीटर कुरकुर न करता जाते. पाटी अर्थात एम.एच. १२ची, बारामतीचा ४२ हा आकडा पुढे आला.

वडील गेल्यावर गाडी आम्हा दोघा भावांची झाली. मी बारामतीत, धाकटा इंदापुरात. सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने माझ्याकडे अशी वाटणी. गेल्या गळीत हंगामात, लासुर्णे आणि निमगाव केतकीच्या दरम्यान, धाकटा चहासाठी रस्त्याच्या कडेला थांबला असताना एक उसाची ट्रॉली घासून गेली आणि उजव्या बाजूच्या मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा उठवून गेली. ट्रॉली कोणाची, कुठली, ते कळले नाही. उसाच्या दिवसांत इकडच्या रस्त्यांवर असे पाहुणे रोजचेच.

धाकट्याने फोन केला. "दादा, आता एकदा सगळीच रंगवून टाकू. लालभडक. मिस्त्री तीस हजार म्हणतोय."

मी म्हटले, "ओरखडा एका दाराला, आणि रंगवायची सगळी?"

"ठिगळ दिसणारच बघ. आणि ठिगळ लावलेली गाडी फिरवण्यापेक्षा विकलेली बरी."

विकण्याचा विषय घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी ती गाडीच्या टपावरून हात फिरवताना मला दिसली. तो रंग वडिलांनी पसंत केलेला. दर रविवारी त्यांनी तो पुसलेला. तो खरवडून काढायचा, तर तीस वर्षांचे रविवार खरवडून काढायचे. शेवटी आम्हा भावांत करार झाला. मी दार घरच्या घरी जुळवून पाहावे. दहा पावलांवरून ठिगळ दिसले नाही तर रंग राहील, गाडीही राहील. दिसले तर धाकट्याचे खरे.

आता पहिला प्रश्न : गाडीचा रंग कोणता? पुस्तकावर लिहिले आहे 'ऑफ व्हाइट'. आई म्हणते मोतिया. आमची सौभाग्यवती म्हणते सायीचा. धाकट्याच्या मते पांढरा. खरे सांगायचे तर शुद्ध पांढरा रंग मोटारीवर क्वचितच असतो. पांढऱ्यात कोणी पिवळ्याची, कोणी काळ्याची, कोणी निळ्याची कणभर भर घातलेली असते, आणि त्या कणभरातच सारी मेख असते. म्हणून पांढरा जुळवणे लालपेक्षा सोपे, हा समज सोडून द्यावा. शिवाय एकाच आकड्याच्या रंगातही साल आणि कारखाना बदलला की झाक बदलते. रंगवाल्यांच्या पुस्तकात एकेका आकड्यापुढे दोन-दोन, चार-चार पाठभेद असतात. आमच्या बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. कथा एक, झाका एकशे आठ! रंगवाल्यांना मोरोपंत ठाऊक नसतील, पण व्यवसाय त्यांचाच चालवतात.

सुरुवात धुण्यापासून करावी. दार धुऊन, वाळवून, रबिंगचा मलम फडक्याला लावून हलक्या हाताने घासावे. असे केल्याने दोन गोष्टी साधतात. फडक्याला गाडीचा रंग लागला तर समजावे, की वर काचेसारख्या पारदर्शक लॅकरचा थर नाही. जुन्या गाड्यांचे असेच असते. रंग लागला नाही तर थर आहे, आणि शेवटी तोही द्यावा लागेल. दुसरे असे, की वरची मेलेली भुकटी निघून जाते आणि खालचा जिवंत रंग दिसतो. कित्येकांचा रंग जुळत नाही तो एवढ्यासाठीच, की ते धुळीशी आणि भुकटीशी रंग जुळवतात.

घासल्यावर आमच्या गाडीने एक गुपित सांगितले. तिची उजवी बाजू डावीपेक्षा फिकी होती! आमच्या अंगणात ती वर्षानुवर्षे उजवी कूस पश्चिमेकडे करून उभी राहते. दुपारनंतरचे सारे ऊन त्या बाजूला. दाराच्या रबराखाली, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे रंग अजून दाट सायीचा. म्हणजे एकाच गाडीवर तीन पांढरे. पत्रिकेचा आकडा जुळला तो रबराखालच्या रंगाशी. आणि ओरखडा तर दाराच्या मध्यावर! जिथे दुखणे आहे तिथल्याच शेजाऱ्याशी रंग जुळवावा. बॉनेटचा रंग दाराला आणि डाव्याचा उजव्याला चालत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. या बाबतीत आपल्या घरातल्या बायका शास्त्रज्ञांच्या पुढे आहेत. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घ्यायला गेलेली बाई दुकानातल्या दिव्यावर कधी विश्वास ठेवते का? ती साडीचा पदर आणि कापड दोन्ही घेऊन पायरीवर येते आणि उजेडात धरून पाहते. दोन रंग एका दिव्याखाली जुळे भाऊ वाटतात आणि दुसऱ्याखाली अनोळखी होतात, कारण वेगवेगळ्या द्रव्यांचे मिश्रण एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात तसे दिसेलच असे नाही. म्हणून गॅरेजच्या दिव्याखाली निवाडा करू नये. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सावलीत पाहावे, मग उन्हात, मग कलत्या दुपारी. तिन्ही वेळा जुळला तर जुळला म्हणावे.

डोळ्यांचीही एक खोड आहे. मिशेल शेव्ह्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत रंगणावळीचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याला दम नाही अशी तक्रार आली. त्यांनी तपासले, तर धाग्याचा रंग उत्तम होता. शेजारी विणलेले रंग त्याला फिके पाडीत होते. या विषयावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे : गाडीशेजारी लाल गालिचा वाळत घातला असेल तर आधी तो उचला! आणि पांढऱ्या पुठ्ठ्याला एक मोठे भोक पाडून त्यातून दार आणि नमुना शेजारी शेजारी पाहा, म्हणजे आजूबाजूचे रंग मध्ये बोलणार नाहीत.

नमुना म्हणजे काय, तर गोडेतेलाच्या डब्याचे झाकण. थेट दारावर प्रयोग करणे म्हणजे पाहायला आलेल्या मुलीला तिथल्या तिथे मंगळसूत्र घालण्यासारखे आहे. झाकणाला जो अस्तराचा रंग दाराला देणार तोच द्यावा, कारण तांबड्या अस्तरावर आणि राखी अस्तरावर पातळ लावलेला एकच पांढरा वेगळा दिसतो. त्यावर नमुन्याचा हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. ओला रंग वाळल्यावर बहुधा थोडा गडद होतो. ओल्यावर निकाल देणारा फसतो.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री भिगवण रस्त्याला काम करतात. रंग मी आणि सौभाग्यवतीने जुळवायचा, गन त्यांनी मारायची, असे ठरले. आम्ही आकड्याचा रंग वाटीत घेतला आणि त्यात पांढरा मिसळू लागलो. रंग फिका होत गेला, पण जुळेना. दारापुढे तो नव्या धोतरासारखा दिसे.

"अहो, फिका झाला, पण जुना नाही झाला," सौभाग्यवती म्हणाली.

मिस्त्री हसले. "वहिनींनी बरोबर वळखलं, सर. जुनं व्हायला काळा लागतो. एक थेंब."

खरोखरच एक थेंब. रंगात भर घालता येते, पण घातलेले काढून घेता येत नाही. म्हणून गडद रंग काडीच्या टोकाने, थेंब मोजून, आणि प्रत्येक थेंब कागदावर लिहून घालावा. चाळीस भाग आकड्याचा, दहा भाग पांढरा, काळ्याचे तीन थेंब आणि गेरूसारख्या पिवळ्याचा एक, इथे आमचे जमले. झाकण दाराला टेकवले, तेव्हा सौभाग्यवती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आता हे सासऱ्यांच्या गाडीचं आहे."

ज्यांच्या गाड्या नव्या आणि चंदेरी आहेत त्यांना एक इशारा. त्या रंगात धातूचे बारीक चकचकीत कण असतात. हात जड आणि ओला पडला की कण बुडतात आणि रंग काळपट होतो; हलका आणि कोरडा पडला की तोच रंग उजळतो. समोरून जुळला तरी बाजूने पाहावा. मोठ्या शहरांत आता रंगाचे माप घेणारी यंत्रे आहेत, ती निरनिराळ्या कोनांतून रंग वाचून सूत्र देतात. पण हात किती हलका ठेवायचा हे यंत्र सांगत नाही. अशा रंगाचे मोठे काम घरी न काढणेच शहाणपणाचे. हेन्री फोर्डचे गिऱ्हाईक यातून सुटले होते. १९१४ ते १९२५ पर्यंत त्याची टी मॉडेल गाडी काळीच निघे. पुढे १९२३ साली ओकलंड नावाच्या मोटारीवर 'ड्युको' हा झटपट वाळणारा रंग आला. आठवड्यांचे काम तासांवर आले, रंगांची जत्रा सुरू झाली, आणि आमच्या मिस्त्रींच्या तोंडी 'ड्युको' हा शब्द अजून आहे.

काम केव्हा काढावे, यालाही आमच्या भागात मुहूर्त आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत ड्युको मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले पाणी बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. आणि गळीत हंगाम सुरू झाला, की धुराड्यांतून उसाच्या चिपाडांची काळी राख उडत येऊन अंगणात पडते. ओल्या पांढऱ्या दारावर ती तिळासारखी चिकटते. पाऊस सरला आहे आणि धुराडी अजून पेटायची आहेत, अशा दसऱ्यानंतरच्या चार दिवसांत आम्ही काम उरकले. गंज दिसेनासा होईपर्यंत घासले, अस्तर दिले, लांबी अगदी पातळ भरली, पाण्याच्या पॉलिशपेपरने आधी जाड, मग बारीक असे गुळगुळीत केले. रंग ओरखड्यापुरता चौकोन आखून मारला नाही. खाली तो दाराच्या घडीपर्यंत नेला आणि वर विरळ विरळ करीत जुन्या रंगात सोडून दिला. पत्र्याला जिथे घडी असते तिथे उजेड आपोआप बदलतो, म्हणून रंगातला लहानसा फरक तिथे झाकला जातो.

आता दोन गोष्टी गंभीरपणे सांगतो. थिनर आणि पणती एका अंगणात नकोत. त्याची वाफ जमिनीलगत दूरवर पसरते आणि लांबच्या ज्योतीनेही पेट घेते. फुलबाज्या उडवणारी पोरे आसपास असतील तर डबा उघडूच नये. दुसरे, ज्या रंगात वेगळ्या बाटलीतला हार्डनर मिसळावा लागतो, त्याचा फवारा घरी मारू नये. त्यातले आयसोसायनेट नावाचे द्रव्य फुप्फुसांना लागून कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. ते काम सोय असलेल्या ठिकाणी करून घ्यावे. आम्ही हार्डनर नसलेला साधा रंग वापरला, आणि तरीही मिस्त्रींनी वाफ अडवणारा मुखवटा घातला होता.

पुढच्या रविवारी धाकटा इंदापुराहून आला. सकाळचे साडेनऊ झाले होते. त्याने अंगणाच्या फाटकापासून दहा पावले मोजली, डोळे बारीक केले, गाडीभोवती एक फेरी मारली. काही बोलला नाही. जेवण झाले, झोप झाली. चारच्या सुमारास उन्हे तिरपी झाली तेव्हा तो पुन्हा बाहेर गेला, दारापाशी वाकला आणि बोटाने एक रेघ दाखवून म्हणाला, "दादा, इथं दिसतंय."

खरेच दिसत होते. तिरप्या उन्हात, वितभर अंतरावरून, जाणत्या माणसाला, नव्या रंगाची कड जराशी अधिक तुकतुकीत दिसत होती. करार दहा पावलांचा होता, पण मी तो काढला नाही. आई दारात उभी होती.

धाकट्याने खिशातून रुमाल काढला, ती जागा पुसली, आणि मग सवय असल्यासारखे सबंध दार पुसले. "अप्पा असते तर त्यांना दिसलंच असतं," तो म्हणाला. "पण राहू दे. लाल काय, कोणाचीही असते."

थेंबांचा हिशेब लिहिलेला तो कागद आता गाडीच्या खणात ठेवला आहे. त्यावर खाली धाकट्याने आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे : 'फक्त उजव्या बाजूसाठी. डावीला पांढरा कमी.' दिवाळीनंतरचे सहा महिने गाडी त्याच्याकडे आहेत.